कूस, पेटी आणि छाती : अपुऱ्या दिवसांच्या बालकाला निजविण्याच्या पद्धतींचा इतिहास (कळवा परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

मराठीत ‘कूस’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. आईचे उदर ही कूस आणि निजलेल्या माणसाच्या शरीराची बाजू हीही कूस. स्त्रीची कूस उजवते आणि झोपेत माणूस कूस बदलतो. पहिली कूस वेळेआधी सुटली, तर त्या बालकाला कोणत्या कुशीवर निजवावे, हा प्रश्न अपुऱ्या दिवसांच्या बालकाबाबत शब्दशः उभा राहतो. उताणे, पालथे की कुशीवर, हा निर्णय वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु गेल्या दीडशे वर्षांत या निर्णयाने असंख्य बालके जगविली आहेत आणि काही काळ फार मोठ्या संख्येने बालके दगावण्यासही तो कारण ठरला आहे.

वैद्यकाचा इतिहास प्रायः यंत्रांचा, औषधांचा आणि संस्थापकांचा लिहिला जातो. शरीरस्थितीला यंत्र लागत नाही, तिचे देयक निघत नाही आणि दप्तरातही तिची नोंद क्वचितच राहते. म्हणून ती इतिहासलेखनातून निसटते. प्रस्तुत लेखात या निसटलेल्या बाबीचा मागोवा घेतला असून ठाणे खाडीच्या पूर्वेकडील कळवा परिसर डोळ्यांसमोर ठेवला आहे. ठाणे महानगरपालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि त्याला संलग्न असलेले, १९९२ साली स्थापन झालेले राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय हे येथील सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेचे केंद्र होय. रुग्णालयातील ज्ञान आणि घरातील रीत एकमेकांना जेथे रोज भेटतात, अशा जागांपैकी ही एक आहे.

गर्भातील आसन आणि त्याचा भंग

गर्भारपणाच्या अखेरच्या दहा आठवड्यांत गर्भाशयातील जागा कमी होत जाते. गुडघे पोटाशी येतात, हात छातीपाशी गोळा होतात, हनुवटी गळ्याकडे झुकते. दिवस भरून जन्मलेले बालक हे मिटलेले आसन स्नायूंत घेऊनच बाहेर येते. त्याचा हात ओढून सरळ केला तरी सोडताच तो पुन्हा दुमडतो. अठ्ठाविसाव्या किंवा तिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बालकाला हा काळ मिळालेला नसतो. त्याचे स्नायू सैल असतात, गुरुत्वाकर्षणापुढे हातपाय टिकाव धरत नाहीत आणि सपाट गादीवर उताणे ठेवल्यास मांड्या बेडकासारख्या बाहेरच्या बाजूस पडतात, खांदे मागे खेचले जातात. आठवडेच्या आठवडे असे राहिल्यास तीच सवय सांध्यांत मुरते आणि पुढे हात तोंडाकडे नेणे, रांगणे, बसणे या क्रिया लांबतात.

श्वासोच्छ्वासाचा प्रश्न याहून निकडीचा असतो. अशा बालकाच्या बरगड्या कूर्चेच्या, म्हणून लवचीक असतात. उताण्या स्थितीत श्वास घेताना पोट फुगते आणि छाती आत ओढली जाते. श्वासाचे निम्मे बळ व्यर्थ जाते. पालथ्या स्थितीत छातीला गादीचा आधार मिळतो, छाती व पोट एका लयीत हलतात आणि रक्तातील प्राणवायूचे प्रमाण थोडे वाढते. जठर रिकामे होण्यास पालथी किंवा उजव्या कुशीची स्थिती अनुकूल मानली जाते. दूध वर येणे मात्र डाव्या कुशीवर व पालथ्या स्थितीत कमी आढळते. एकच एक आसन सर्वार्थाने उत्तम, असे त्यामुळे म्हणता येत नाही. अनुभवी परिचारिका बालकाची कूस काही तासांनी बदलते, ती केवळ रिवाज म्हणून नव्हे.

डोक्याचाही विचार येथे येतो. कवटी मऊ असल्याने एकाच बाजूवर पडून राहिलेल्या बालकाचे डोके दोन्ही बाजूंनी चपटून लांबट होते. आपल्याकडील आज्यांना ही गोष्ट वैद्यकाने सांगावी लागली नाही. डोके गोल राहावे म्हणून मोहरीची उशी करण्याची रीत जुनी आहे. जन्मानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत बालकाचे डोके मध्यरेषेत सरळ ठेवावे, म्हणजे मानेच्या शिरांवर ताण येऊन मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका टळेल, असाही एक विचार अलीकडे अनेक विभागांत रूढ झाला. तर्क पटण्याजोगा आहे. परंतु कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यांना त्यासाठी पुरेसा पुरावा आढळला नाही.

पेटीतील बालक

१८८० साली पॅरिसच्या मातेर्निते रुग्णालयात स्तेफान तार्निये यांनी अशक्त बालकांसाठी उबेची पेटी बसविली. कोंबडीची अंडी उबविण्याच्या यंत्रावरून ती सुचली होती आणि ती बांधून देणारा कारागीर प्राणिसंग्रहालयातील होता. तार्निये यांचे शिष्य प्येर ब्युदँ यांनी मातेच्या दुधावर आणि तिच्या सहभागावर भर दिला. परंतु पेटी जसजशी पसरली, तसतशी आई दूर होत गेली. न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड येथे मार्टिन कूनी यांनी १९०३ ते १९४३ अशी चाळीस वर्षे पेटीतील बालके तिकीट लावून लोकांना दाखविली आणि त्या पैशांवर त्यांची शुश्रूषा केली. हा प्रकार आज विचित्र वाटतो. मात्र त्यातून एक बाब स्पष्ट होते : पेटी ही उबेची तशीच पाहण्याचीही जागा होती.

१९६० साली लुई ग्लक यांनी येल येथे नवजात अतिदक्षता विभाग सुरू केल्यावर हे पाहणे अधिक सूक्ष्म झाले. छातीची हालचाल, त्वचेचा रंग, नाळेतून घातलेली नळी हे सारे डोळ्यांसमोर हवे. बालक उघडे व उताणे ठेवले म्हणजे ते सोयीचे होते. या टप्प्यावर शरीरस्थिती ठरली ती बालकाच्या गरजेपेक्षा पाहणाऱ्याच्या सोयीने, असे अनुमान काढण्यास जागा आहे.

या सोयीला पहिला धक्का श्वसनाच्या मोजमापाने दिला. अपुऱ्या दिवसांच्या बालकांना पालथे ठेवल्यास धमनीतील प्राणवायू वाढतो, हे १९७९ साली मार्टिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. दुसरा धक्का निरीक्षणाचा होता. बॉस्टनच्या मानसशास्त्रज्ञ हायडेलिस आल्स यांनी १९८० च्या दशकात असे मांडले की, हातपाय फेकणे, पाठ ताणणे, बोटे फाकणे ही बालकाची भाषा आहे आणि तिच्याकडे पाहून काळजी ठरवावी. बालकाभोवती कापडाच्या गुंडाळीचे घरटे करणे, पायांना टेकायला काठ देणे, हात तोंडाजवळ येतील असे ठेवणे, प्रकाश व आवाज कमी करणे या गोष्टी यातून विभागांत आल्या. यांतील प्रत्येक लाभ प्रयोगांनी सिद्ध झाला आहे, असे नाही. व्हेंटिलेटरवरील बालकांना पालथ्या स्थितीत प्राणवायू किंचित अधिक मिळतो, एवढे कॉक्रेनचे आढावे मान्य करतात. दीर्घकालीन लाभाबद्दल ते ठाम बोलत नाहीत.

पालथे निजविण्याची शोकांतिका

येथे या इतिहासातील सर्वांत गंभीर प्रकरण येते. पाश्चात्त्य देशांत निरोगी, पूर्ण दिवसांच्या बालकांनाही पालथे निजविण्याचा सल्ला विसाव्या शतकाच्या मध्यापासून दिला जाऊ लागला. डॉ. बेंजामिन स्पॉक यांच्या बालसंगोपनावरील अतिशय खपाच्या पुस्तकातही १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तो होता. कारणे दोन दिली जात : उताण्या बाळाने उलटी केल्यास ती श्वासनलिकेत जाईल आणि डोके मागून चपटे होईल. दोन्ही कारणे कोणत्याही सुजाण पालकाला पटतील अशीच होती. अतिदक्षता विभागांत पालथ्या स्थितीचे फायदे दिसू लागल्यावर तर या सल्ल्याला विज्ञानाचेही पाठबळ आल्यासारखे वाटले. रुग्णालयात परिचारिका बाळाला पालथे ठेवते हे आईने पाहिले आणि घरी तिनेही तेच केले.

या काळात पाळण्यात अचानक मरण पावणाऱ्या बालकांची संख्या त्या देशांत वाढत गेली. पालथे निजविणे आणि हे मृत्यू यांचा संबंध दाखविणारे अभ्यास १९७० पर्यंत उपलब्ध झाले होते. ते एकत्र मांडले मात्र गेले नाहीत. न्यूझीलंड आणि ब्रिटन यांनी १९९१ मध्ये, अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ मध्ये बाळाला पालथे निजवू नये, असे जाहीर केले. त्यानंतर काही वर्षांतच असे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. २००५ साली रूथ गिल्बर्ट व सहकाऱ्यांनी सारा जुना पुरावा एकत्र करून हिशोब मांडला : १९७० मध्येच हा सल्ला बदलला असता तर ब्रिटनमध्ये दहा हजारांहून अधिक आणि युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलेशिया मिळून किमान पन्नास हजार बालकांचे मृत्यू टळू शकले असते.

विभागातील निरीक्षण चुकीचे नव्हते. विभागात बालकाच्या पायाला प्राणवायूमापक लावलेला असतो, श्वास थांबताच घंटा वाजते आणि कोणीतरी धावते. घरी घंटा नसते. एकाच आसनाचे मूल्य भोवतालच्या परिस्थितीनुसार उलटते, हे ध्यानी न घेता सल्ला परिस्थितीवाचून घरी गेला, ही खरी चूक. अपुऱ्या दिवसांच्या बालकांना अशा आकस्मिक मृत्यूचा धोका मुळातच अधिक असतो आणि घरी पालथे निजविले जाण्याचा संभवही त्यांच्याच बाबतीत जास्त. कारण त्यांच्या आयांनी ते आसन डोळ्यांनी पाहिलेले असते. बालक स्थिर झाल्यावर, गर्भधारणेपासून मोजलेल्या सुमारे बत्तिसाव्या आठवड्यापासूनच, विभागातच त्याला उताणे निजण्याची सवय लावावी, अशी सूचना अमेरिकन संघटनेने पुढे केली ती यामुळेच.

मराठी मुलखातील वाट

महाराष्ट्रात ही कथा वेगळ्या वळणाने गेली. येथील घरांत तान्ह्या बाळाला पालथे निजविण्याची रीत नव्हती. बाळ दुपट्यात गुंडाळून, डोक्याला कुंची घालून आईच्या लगत ठेवले जाई. दिवसा ते पाळण्यात किंवा जुन्या लुगड्याच्या झोळीत असे. झोळीत कापड शरीराच्या आकाराने खोल जाते, पाठ वाकते, गुडघे वर येतात. आल्स यांच्या घरट्याशी तिचे साम्य सहज लक्षात येते. हे साम्य फार ताणू नये. झोळीत अशक्त बालकाची हनुवटी छातीवर टेकून श्वास अडू शकतो, आणि बाळंतिणीच्या खोलीतील शेगडी व धुरी यांनी अशा बालकांचे भले केले असे कोणी म्हणणार नाही. सातव्या महिन्यातले मूल जगते, आठव्यातले जगत नाही, ही समजूत तर वैद्यकीय अनुभवाच्या थेट विरोधी होय. तिच्यामुळे आठव्या महिन्यातील बालकांकडे किती दुर्लक्ष झाले असेल, याचा अंदाजच करावा.

संस्थात्मक काळजीचा आरंभ मुंबईत झाला. नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह १९२६ साली आणि बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय १९२९ साली सुरू झाले. नवजात शुश्रूषेला स्वतंत्र रूप येण्यास मात्र आणखी अर्धशतक लागले. भारतातील नवजाततज्ज्ञांची संघटना १९८० साली स्थापन झाली. पालिका रुग्णालयांत गर्दी अफाट आणि साधने तुटपुंजी होती. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी या टंचाईतूनच मार्ग काढला : पावडरच्या दुधाऐवजी आईचे दूध आणि शुश्रूषेत आईचा सहभाग. १९८९ साली तेथे सुरू झालेली मातृदुग्धपेढी आशियातील पहिली मानली जाते. दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातील स्त्रियांनाच नवजात शुश्रूषा शिकविली. बालकाला उबदार पिशवीत ठेवणे हा तिचा एक भाग होता. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला.

दरम्यान कोलंबियाची राजधानी बोगोटा येथे १९७८-७९ च्या सुमारास एदगार रेय सानाब्रिया व एक्तोर मार्तिनेस यांनी गर्दीवरच एक उपाय काढला होता. एका पेटीत दोन-तीन बालके ठेवावी लागत, संसर्ग पसरे, आया बालकांना टाकून जात. त्यांनी बालक आईच्या उघड्या छातीवर, दोन स्तनांच्या मध्ये, उभे बांधून दिले. पुढे ‘कांगारू मातृसेवा’ म्हणून जगभर गेलेली पद्धत ती हीच. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली तिची मार्गदर्शिका काढली. तीत सांगितलेले आसन पाहण्यासारखे आहे : डोके एका बाजूस वळलेले व किंचित वर, नितंब व गुडघे दुमडलेले, मांड्या बेडकाप्रमाणे फाकलेल्या. सपाट गादीवर जी बेडूकस्थिती दोष ठरते, तीच आईच्या छातीवर इष्ट ठरते. कारण येथे मांड्या सैल पडलेल्या नसून दुमडून शरीराशी टेकलेल्या असतात. बालक पालथेच असते, पण उभे असते. आणि त्याच्याखाली गादी नसून श्वास घेणारी, जागी होऊ शकणारी व्यक्ती असते. पालथ्या स्थितीचा लाभ आणि तिचा धोका यांतील तिढा या पद्धतीने बऱ्याच अंशी सोडविला आहे. फार बुद्धिपुरस्सर नव्हे, टंचाईपोटी.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. सुमन राव, डॉ. रेखा उदानी व डॉ. रुची नानावटी यांनी दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या २०६ बालकांवर केलेला अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. आईच्या छातीवर ठेवलेल्या बालकांचे वजन दररोज सरासरी २४ ग्रॅमने, तर नेहमीच्या पद्धतीने ठेवलेल्यांचे सुमारे साडेपंधरा ग्रॅमने वाढले. तोवर ही सेवा बालक स्थिर झाल्यावरच द्यावी, असा संकेत होता. घाना, भारत, मलावी, नायजेरिया व टांझानिया येथील रुग्णालयांत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने तोही मोडला. जन्मानंतर लगेच, दिवसाला सुमारे सतरा तास छातीवर ठेवलेल्या बालकांत मृत्यूचे प्रमाण १२ टक्के, तर इतरांत १५.७ टक्के आढळले. भारतातील बालके दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयातील होती. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने आपली शिफारस त्याप्रमाणे बदलली.

खाडीपलीकडे

कळव्याकडे यायचे ते या पार्श्वभूमीवर. ठाणे महानगरपालिका १९८२ साली अस्तित्वात आली. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील कामगार, कोकण-घाटावरून व पुढे उत्तरेकडून आलेली कुटुंबे, मूळचे आगरी-कोळी अशी येथील वस्ती. पारसिकच्या उतारावर दाटीने चढत गेलेल्या चाळी. पालिकेच्या रुग्णालयात ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा यांच्याबरोबरच भिवंडी, शहापूर, मुरबाड, पालघर येथूनही रुग्ण येतात. ऑगस्ट २०२३ मध्ये येथे एका दिवसात १८ रुग्णांचे मृत्यू झाले आणि राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. मृतांत बहुतेक प्रौढ होते, तेव्हा त्या घटनेचा या विषयाशी थेट संबंध नाही. तथापि पाचशे खाटांच्या रुग्णालयावर एवढ्या विस्तृत प्रदेशाचा भार पडतो, तेव्हा वेळ काढून बालकाची कूस बदलणारे हात किती उरतात, हा प्रश्न नवजात विभागालाही लागू होतोच. शरीरस्थितीला यंत्र लागत नाही, हे खरे. मनुष्यबळ मात्र लागते, आणि ‘बिनखर्चाचा उपाय’ म्हणून तिचे कौतुक करणारे हे सहसा विसरतात.

शहापूर किंवा मुरबाडच्या पाड्यावरील बालकासाठी निजविण्याचा प्रश्न विभागात पोहोचण्याआधीच सुरू होतो. प्रवासात ते कशा स्थितीत आणले जाते, यावर पुष्कळ अवलंबून असते. दुपट्यात गुंडाळून मांडीवर आडवे आणलेले बालक वाटेत गारठते; आईच्या छातीशी बांधून आणलेले ऊब टिकवून येते. कांगारू मातृसेवेचा हा उपयोग मार्गदर्शिकांत नमूद आहे, परंतु रुग्णवाहिकेत आईला आडवे झोपवून बालक वेगळे देण्याची सवय जुनी असते.

दुसरा नाजूक टप्पा घरी सोडण्याचा. कळवा-मुंब्र्याच्या एका खोलीत पाच-सहा माणसे निजतात, बालक आईच्या कुशीत जमिनीवर असते, आजी मोहरीची उशी तयार ठेवते. विभागात पालथे पाहिलेले बाळ घरी उताणे निजवायचे, उशी द्यायची नाही, घरटे करायचे नाही, छातीवर घेतलेले असताना आईने मात्र टेकून, जागे राहायचे, अशा परस्परविरोधी भासणाऱ्या सूचना आईला निरोपाच्या कागदासोबत दिल्या जातात. प्रत्येक सूचनेमागे वर सांगितलेला इतिहास आहे. तो तिला कोणी सांगत नाही. आजीला तर नाहीच, आणि पहिले काही महिने घरातला शब्द तिचाच चालतो. डोके चपटे होण्याची आजीची चिंता अनाठायी नाही, हे मान्य करून बोलणारी परिचारिका अधिक यशस्वी ठरेल. जागेपणी, नजरेसमोर बाळाला थोडा वेळ पालथे ठेवल्याने तीच चिंता सुरक्षितपणे मिटते. केंद्र शासनाच्या २०११ च्या कार्यक्रमानुसार रुग्णालयात प्रसूती झालेल्या घरी आशा कार्यकर्ती बेचाळीस दिवसांत सहा भेटी देते; बाळ कसे निजविले आहे हे पाहण्याची खरी संधी तिलाच असते, कारण ती ते निजलेले पाहते.

२०१७ साली केंद्राने नवजात विभागांत कुटुंबाच्या सहभागाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार आई, वडील, आजी यांनी विभागात येऊन बालकाला हाताळणे शिकायचे आहे. जन्मल्याबरोबर छातीवर ठेवण्याची शिफारस याहून पुढे जाते : नुकत्याच बाळंत झालेल्या, कदाचित सिझेरियन झालेल्या आईची खाटच अतिदक्षता विभागात हवी. बालकाच्या वॉर्मरशेजारी आईची खाट, तिच्यासाठी स्वच्छतागृह, तिचे जेवण आणि तिच्यावरही लक्ष ठेवणारी परिचारिका, एवढी जागा जुन्या आराखड्यांत धरलेली नसते. १८८० मध्ये पेटी आली, तेव्हा विभागाचे मोजमाप पेट्यांच्या संख्येवर ठरू लागले. कळव्यासारख्या ठिकाणी नवा विभाग बांधताना ते आईच्या खाटांवर ठरवायचे, तर भिंती वेगळ्या आखाव्या लागतील आणि प्रसूतिशास्त्र व बालरोगशास्त्र या दोन विभागांना एकाच खोलीचा ताबा वाटून घ्यावा लागेल.